कपाटात दडवलेले चारशे सील

मी, सर्जेराव तात्याबा कोरेकर, वय त्रेसष्ट, राहणार न्हावरे, तालुका शिरूर. डोकं ठिकाणावर आहे, जिवाला मात्र चैन नाही. गुरुवारी छातीचं ऑपरेशन आहे. तेव्हा कोणाच्या दबावाखाली न येता, राजीखुशीने हे लिहून ठेवतो. बायको ललिता म्हणते, "आवं, असलं अभद्र कशाला लिव्हताय?" लिहिल्याशिवाय घास उतरेना, काय करू?

१. घर आणि दोन एकर कांद्याचं रान ललिताच्या हयातीपर्यंत तिचं, नंतर मुलगी शितल हिचं. धाकटा भाऊ भारत याने दरसाल बांध कोरून जेवढी जमीन ओढली, तेवढी त्याला लखलाभ. वर टीचभरही नाही.

२. पंपाच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं प्लॅनिंग केलं. पंप निघायची तारीख धरायची आणि उलटं मोजत जायचं: कास्टिंग कधी, बेअरिंग कधी, सील कधी मागवायचे. त्या वह्या शितलला, ती त्याच कामात आहे. पोरी, पुरवठादार "माल निघालाच" म्हणाला, की अजून भरला नाही असं समज.

३. माझी मोटारसायकल दौंडच्या इम्तियाज तांबोळीला. कारण लिहितो. एका रबरी सीलावाचून अख्खा पंप अडतो. दुसऱ्या पाळीवाल्यांनी भलत्याच ऑर्डरला वापरू नयेत म्हणून मी स्टोअरमधले चारशे सील, चिठ्ठी न देता, माझ्या कपाटात दडवले. मोजणीत चारशे कमी भरले. स्टोअरकीपर इम्तियाज. चोरीचा ठपका ठेवून त्याला काढला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी बोला." मी फाईल चाळत बसलो. नंतर ते सील गुपचूप पंप जोडणीच्या लाइनला देऊन टाकले. सहा वर्षं झाली. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

४. कलम ३ मधली गाडी रद्द. काल इम्तियाजला बोलावून हे वाचायला दिलं. तो भडकला. "गाडी घालू चुलीत! तुम्ही गेल्यावं ह्यो कागद कोण खरा मानंल? उठा, कंपनीत चला."
मी म्हणालो, "ऑपरेशन होऊ दे."
"आन् न्हाई उठला तर?"
आज सकाळी गेलो. मॅनेजरसमोर सगळं लिहून दिलं, आवक शिक्का मारून प्रत घेतली. पुढे काय करतील, माहीत नाही.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. इम्तियाजला आता काही मिळत नाही. तो स्वतःहून म्हणाला, "द्या पेन."

ठिकाण: शिरूर. दिनांक: १० जून २०२५.
सही: स. ता. कोरेकर

साक्षीदार:
१. रोहिदास पवार, न्हावरे. व्यवसाय: शेती.
२. इम्तियाज अयुब तांबोळी, दौंड. व्यवसाय: सध्या टेम्पो चालवतो. चोर नाही.