मीटरला दाखवायचं जेवण

१९ फेब्रुवारी २०२६
पहिला रोजा. झाला! डॉक्टर म्हणाले होते, साखर आहे, यंदा एकही धरायचा नाही. माझ्या लेकानं, तारिकनं, शिरवळहून फोनवर कबूल करून घेतलं. मी हो म्हटलं. मराठी शाळेत तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्या, एक मीही मारली. बाळंतपणात चुकलेले रोजेसुद्धा मी नंतर भरून काढलेत. आता काय एका चिठ्ठीवर सोडू?

२० फेब्रुवारी
पकडले गेले! तारिकचा फोन — पहाटे पावणेपाचला विजेची शेगडी लावलीस ना? नवा स्मार्ट मीटर बसलाय, त्याच्या मोबाईलवर अर्ध्या अर्ध्या तासाची रेघ दिसते म्हणे. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला पाणी तापवलं, असं ठोकून दिलं. मेला चुगलखोर, घरातच आणून बसवलाय! वर धमकी — रोजे धरलेस तर कराडचं घर बंद, तुला शिरवळला आणतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या डब्यात! मी नाही जाणार.

२१ फेब्रुवारी
वायरमन कृष्णातला गाठलं. माझा जुना विद्यार्थी, पाढे अजून येत नाहीत. विचारलं, मीटरला शेगडी कुठली, फ्रिज कुठला, कळतं का?
"न्हाई वो बाई. किती वीज गेली तेवढंच त्याला कळतं. पण घरचं माणूस रेघ बघून वळखतंय की. शेगडी लय वडती."
बस्स! पहाटेचं सगळं गॅसवर. दुपारी एकला शेगडीवर नुसतं पाणी ठेवायचं, वीस मिनिटं. मीटर जेवला, मी उपाशी.

२३ फेब्रुवारी
तारिक खूश. आज वेळेवर जेवलीस, काय केलं होतंस? शेपू, म्हटलं. थोडी लाज वाटली. फार नाही.

२६ फेब्रुवारी
आठ पूर्ण. दुपारी हात थरथरतात. उद्या पहाटे सहरीच्या जेवणात एक केळं जास्त खाईन.

२८ फेब्रुवारी, दवाखाना
काल शेगडीवर पाणी ठेवलं, पुढचं आठवत नाही. स्वयंपाकघरातच पडले. अर्ध्या तासात खाली येणारी रेघ दोन तास वरच, म्हणून तारिकनं फोन केला. मी उचलेना, तेव्हा कृष्णातला पाठवलं. त्यानं कडी तोडली. पातेलं जळून कोळसा झालंय.

तारिक उशाशी बसलाय. ओरडला नाही. म्हणाला, "अम्मी, तुझा स्वयंपाक कधी वीस मिनिटांत झालाय? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."
मग बोलला का नाहीस?
"तू ऐकलं नसतंस. म्हणून रोज एक वाजला की काम टाकून ती रेघ बघत बसायचो."

१ मार्च
रोजे बंद. शिरवळचं नाव त्यानं काढलं नाही. मीच काढलं.