फळ्यावरची वेळ

घोडपदेव, तीन नंबर चाळ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत जास्त दुखतात म्हणत होतीस.

आपल्या दोन चाळींमधलं फाटक उघडं असतं तर दहा पावलांत तुझ्या दारात आले असते. पण ते बंद, आणि रस्त्याने वळसा घालून येऊन तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर पाठवून लगेच पुसलं असतं. म्हणून हा कागद. दुपारी शेजारची अनुजा दवाखान्यात जाताना तुझ्याकडे टाकेल.

आमच्याकडे बाकी नवीन काही नाही. जयंतीच्या मिरवणुकीत दगड उडाले त्याला आता दोन वर्षं होत आली. तुमच्या दोन नंबरची नऊ पोरं आणि आमची सात अजूनही कोर्टाच्या तारखांना एकाच बाकावर बसतात म्हणे, आणि चहाही एकत्र पितात. फाटकाला कुलूप मोठ्यांनी घातलं, तेच गंजतंय. तू दोन्ही चाळींची मिळून समिती उभी केलीस, वॉर्ड ऑफिसात खेपा घातल्यास, फाटक उघडायचा विषय सभेपर्यंत आणलास. सगळं चांगलंच केलंस. ते तू केलंस, एवढंच मला सोसत नाही.

वीस वर्षं महिला मंडळ मी चालवते. तरी पोलीस स्टेशनातले साहेब तुला म्हणतात, "मॅडम, बसा ना," आणि मला, "मावशी, जरा सरका." आपण एका वर्गातल्या गं! माझी सून अक्षदा, सातवा महिना लागलाय तिला, पण बीपी बघायला तुझ्याचकडे येते. "संघमित्रामावशी नर्स होत्या, त्यांना कळतं." मी दोन पोरं काढली ते मला काही न कळताच! आणि सभेला तू नेसलेली ती निळी साडी. दुसऱ्या दिवशी मी हिंदमाताला जाऊन पाच दुकानं पालथी घातली. शेवटचा पीस गेला म्हणाले. हसू नकोस.

शाळेत सगळ्यात पहिली तू. पण अक्षर माझं. बाई फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायच्या. चाळीचा फळासुद्धा मीच लिहिते, पाणी येणार नाही इथपासून कुणाच्या मयतापर्यंत. आमची माणसं मोबाईलवर आलेलं मानत नाहीत. कमलने फळ्यावर लिहिलं की ते खरं. आणि खाली कुणाचं नाव घालायची पद्धत नाही.

आता लिहितेच.

मागच्या रविवारच्या सभेची वेळ तू फोनवर पाच सांगितलीस. मी पाच ऐकलं आणि फळ्यावर पाचच लिहिलं. तेवढ्यात अक्षदा जिन्यावरून म्हणाली, "मावशींनी हातात घेतलंय म्हणजे फाटक उघडणारच." माझ्या हातात अजून फडकं होतं. मी पाच पुसलं आणि सात लिहिलं. खडू बदलायलासुद्धा वेळ घेतला नाही.

पुढचं तू पाहिलंस. पाच वाजता आमच्यातलं एकही माणूस नाही, म्हणून तुमच्या लोकांना वाटलं आम्ही बहिष्कार घातला. वॉर्ड ऑफिसचा माणूस, दोन्हीकडचे नसतील तर सह्या कशा घेणार, म्हणून निघून गेला. सातला आमची माणसं आली तेव्हा खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. आमच्या चाळीचे कारभारी अप्पा तुझ्या अंगावर ओरडले, "आमका काय येडे समाजलास?" बाह्या वर सरकायला लागल्या होत्या, आणि तू मध्ये उभी राहून म्हणालीस, "वेळ सांगताना माझीच गडबड झाली."

तुला ठाऊक होतं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर मला भांडता आलं असतं. मोठेपणा तेवढा राहिला होता, तोही तूच घेऊन गेलीस. त्या संध्याकाळी मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.

आज पाचला परत सभा आहे. अप्पांनी ठरवलंय, ज्या बाईला वेळ सांगता येत नाही ती अध्यक्ष नको, आपली कमल होऊ दे. मी नाही म्हणाले नाही. आरशासमोर उभी राहून दोनदा "अध्यक्षा" म्हणूनही बघितलं. तुला काढलं की तुमची माणसं समितीतून उठून जाणार आणि कुलूप तसंच राहणार, हे कळत होतं. तरी म्हणून बघितलं.

मग गुरुवारी तुझ्याकडे येताना अक्षदाला रस्त्यावर चक्कर आली. तू तिला सावरून फाटकापाशी आणलंस आणि मला हाक मारलीस. ती पलीकडे पायरीवर बसलेली, तिचा हात तुझ्या हातात. मी गजांच्या अलीकडे. हात लांबवला तर तिच्या पदराला लागला, तिला नाही. धावत वळसा घालून यायला मला दहा मिनिटं लागली. खरं सांगू? त्या दहा मिनिटांतही मी जळत होते, की तिचा हात तुझ्या हातात का. पण फाटक बंद कुणी ठेवलं तेही मला धावताना माहीत होतं.

आज सकाळी चाळ उठायच्या आत फळा लिहिला. चांगल्या अक्षरात, खाली नाव घालून:

"मागच्या सभेची वेळ संघमित्राने बरोबर सांगितली होती. मी ती मुद्दाम चुकीची लिहिली. आजची सभा पाच वाजता. सर्वांनी यावे. – कमल परब, खोली २१."

हे लिहितेय तेव्हा खाली कुणीतरी मोठ्याने वाचतंय. अप्पांचा आवाज आहे. अर्ध्यावर थांबलाय. अक्षदा अजून खाली उतरलेली नाही, त्याचीच जास्त भीती आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते मी सभेत सगळ्यांसमोर म्हणेन. जळणं थांबेल असं मात्र कबूल करत नाही. तू ती निळी साडीच नेसून ये. खुर्चीत बस. मी पहिल्या रांगेत बसेन, जागा मिळाली तर.

दगड उडाले त्या दिवसापासून तुला नमस्कारच करत आले, आणि तू त्याचं कारण कधी विचारलं नाहीस. शाळेच्या दारात आपण जे म्हणायचो ते आज लिहिते.

जय भीम, संघमित्रा.

तुझ्यावर जळणारी आणि तरी तुझीच,
कमल