दगडी हात, मऊ स्प्रिंग

हॅरोवे, मोंटाना
३ ऑगस्ट १९८६

ती. लोर्नाताईस,
मर्लचा सा. न. वि. वि.

नवं रिव्हॉल्व्हर तीनशे दहा डॉलरना पडलं, असं मी डार्लीनला सांगितलंय. खरा हिशेब तुला म्हणून सांगतो. वर अक्रोडाची मूठ पंचावन्न, चाप हलका करणाऱ्या कारागिराचे चाळीस, आणि मूठ बायकोच्या नजरेस पडली त्या दिवशी घ्यावा लागलेला सोफा चारशे वीस. म्हणजे या हत्याराचा सर्वांत महाग भाग सोफा आहे.

पण घेणं भागच होतं. मागे मी दुकानात रंगाच्या डब्यांमागे उभा असताना आपल्या नेमबाजी क्लबाचा चिटणीस व्हर्लिन कुणाला तरी सांगत होता, की मर्लचा हात गेला, यंदा संघात त्याच्या बहिणीला घेऊ. माझ्याच दुकानात, माझ्याकडून सवलतीत खिळे घेताना! अठरा वर्षं संघात आहे मी. हात नाही गेला ताई, जुनं रिव्हॉल्व्हर गेलं होतं. हात माझा दगड आहे, दगड. आता स्प्रिंग अशी मऊ करून घेतलीय, की नुसतं मनात आणलं तरी चाप सुटतो.

निवड ६ सप्टेंबरला. जागा एक, आपण दोघं. तू रँचवरून चार तास गाडी हाकत हरायला येणारच आहेस, तर हकलबेरीचा मुरंबा आण.

लोभ आहेच, निकालानंतरही ठेव.
तुझा मर्ल

---

रँच, १२ ऑगस्ट

चि. मर्ल यास अनेक आशीर्वाद.

सोफ्याची बातमी डार्लीनने आधीच कळवली. त्यावर लोळून तू रोज टीव्हीतल्या हवामानवाल्यावर रिकामं रिव्हॉल्व्हर रोखतोस आणि चाप ओढत बसतोस म्हणे. बिचाऱ्याने गारा सांगितल्या, पाडल्या का त्याने?

अरे शहाण्या, आपल्या या छोट्या काडतुसाला ठोका बुडाच्या कडेवर बसतो. आत काडतूस नसलं, की पिन थेट पोलादावर आपटते. तिथे खाच पडली, की काडतूस आत जायचं नाव घेत नाही. म्हणून आपल्याकडचं शेंबडं पोरही आत ती पिवळी प्लास्टिकची बुचं घालून सराव करतं, भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ती. तू पोत्याने विकतोस. सगळं हॅरोवे भिंतींना भोकंच पाडतंय, असं वाटत होतं का तुला?

आणि स्प्रिंग मूळची बसव. या काडतुसाला ठोका सणसणीत लागतो, कुरवाळून ते पेटत नाही.

तुझी जागा मी मागितलेली नाही. पण दिली तर नाही म्हणणार नाही. अठरा वर्षं तुमच्या संघाला सँडविच वाटलेत मी. कंटाळा आलाय मेयोनीजचा.

डार्लीनला सोफा लाभो. तुला अक्कल.
तुझी ताई

---

हॅरोवे, ८ सप्टेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मुरंबा उत्तम. बाकी दिवस कसा गेला ते तू शेजारून पाहिलंसच.

बुचांचं ऐकलं होतं, स्प्रिंगचं नाही. तीस काडतुसांत चार नुसती खट्ट! चारही शून्य, आणि तरी मी तुझ्या फक्त अकरा गुणांनी मागे. ती चार पेटली असती, तर हात दगडाचा आहे हे व्हर्लिनलाही दिसलं असतं. आता लोक काउंटरवर येऊन माझ्या तोंडासमोर खट्ट म्हणतात आणि काही न घेता जातात.

मूळची स्प्रिंग बसवलीय. व्हर्लिन म्हणतो, लोर्नाची हरकत नसेल तर शनिवारी निवड पुन्हा घेऊ. तुला जागेची घाई असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही, फक्त मरेपर्यंत बोलणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून,
मर्ल

---

रँच, १० सप्टेंबर

चि. मर्ल यास आशीर्वाद.

हरकत नाही, व्हर्लिनला कळवलंय. शनिवारी येते. जिंकायचं तर नीट जिंकावं; तुझ्या स्प्रिंगच्या मेहरबानीने मिळालेल्या जागेबद्दल मला जन्मभर ऐकावं लागेल.

तोवर एक कर. डार्लीनला मैदानावर ने आणि तुझ्या पाठीआड भरायला सांग, काही खरी काडतुसं, काही वापरलेल्या पुंगळ्या. कुठली कुठे, तुला कळता कामा नये. काडतुसांना शिव्या घालण्यापेक्षा हे बरं.

माया आहे तशीच आहे. सँडविच मात्र या वेळी तू आण.
तुझी ताई

ता. क. हे मी व्हर्लिनला सांगितलेलं नाही. त्या चारही वेळा ना बार झाला, ना धक्का बसला. तरी तुझा हात दचकला आणि नळी दोन बोटं खाली गेली.