तीन महिन्यांची बेगमी

५ एप्रिल १९४९, मंगळवार
जेवताना मोठ्या भाऊजींनी ठरवून टाकलं. शांतेची सातवीची परीक्षा झाली की शाळा बंद. जाऊबाईंच्या बहिणीचं बाळंतपण आहे, गगनबावड्याला. हाताखाली म्हणून जूनच्या सुरुवातीला शांतेला तिथं पाठवायचं. तिथला पाऊस एकदा धरला की दिवाळीपर्यंत पोर परत येत नाही. नंतर तरी कोण आणतंय.
मी वाढत होते. भात वाढला, आमटी वाढली. हे गेल्यापासून चार वर्षं अशीच वाढते आहे.

९ एप्रिल, शनि.
मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंना भेटले. जूनपासून शिवणाचा वर्ग देतील, राहायला शाळेमागची खोलीही. शांतेची फी माफ.
तशीच रेशन ऑफिसात गेले. आम्हा दोघींची नावं मोठ्या भाऊजींच्या कार्डावर. ती कमी करायला कुटुंबप्रमुखाची सही हवी. नवं कार्ड त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. तोवर खायचं काय, असं विचारलं. कारकून म्हणाला, "तोवर जुन्याच घरी जेवा की बाई."
म्हणजे तीन महिन्यांचं खाणं आधी जमवायचं, सही मग मागायची. आधी सही मागितली तर माझं बाहेर पडणंच बंद.

१४ एप्रिल, गुरु.
चार घरचे पापड, सांडगे करून द्यायचं पत्करलं. मोबदला धान्यात. जाऊबाईंना सांगितलं, दुपारी रिकामं बसवत नाही.
धान्य घरात आणता येणार नाही. आम्हाला दूध घालते ती गंगूबाई मागच्या गल्लीत राहते. तिला सगळं सांगितलं. खरं तर रडलेच तिच्यापुढं, म्हशींच्या गोठ्यात. म्हणाली, "माळ्यावर ऱ्हाऊ द्यात की तुमचं डबं. आमच्यात कोन बघतंय?"

२ मे, सोम.
माळ्यावर आता जोंधळा चार डबे, तूरडाळ एक, गुळाची ढेप, मीठ, चिंच, सांडगे. थालिपिठाची भाजणी मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. हरभऱ्याला टोके लागले होते. दोन दुपारी उन्हात घालून निवडला. रॉकेलचे डबे राखेनं तीनदा घासले तरी वास जात नाही. जोंधळ्यात कडुलिंबाचा पाला घातला.
शांता विचारते, आई, दुपारी कुठं असतेस? तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगितलं नाही.
जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान खालीच. म्हणाल्या, तुमच्या लुगड्याला कडुलिंबाचा वास येतो. मी म्हटलं, गोवर आलेल्या घरी गेले होते. किती पटकन खोटं बोलले.

१९ मे, गुरु.
गंगूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं. त्यांचं धान्य सरकारी लेव्हीत गेलं, उरलं ते पाहुण्यांत संपलं. घरात सात तोंडं.
"तुमचंच हाय. न्हाय म्हनलासा तर हात लावनार न्हाय. दोन डबं काढू काय? सुगीला भरून देतो."
सुगी दिवाळीला. आमचे तीन महिने त्याआधीच संपतात. तिला ठाऊक आहे, मलाही.
मीच शिडी धरली. डबे तिनं उतरवले.
परतताना तिचा रागही आला. नंतर स्वतःचा.

२८ मे, शनि.
आता थांबण्यात अर्थ नाही. मोठ्या भाऊजींपुढं नावं कमी करण्याचा अर्ज ठेवला, खोलीचं, वर्गाचं सांगितलं. माळ्याचं नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात टाकला. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "इथं तुम्हाला कमी काय आहे?"
दोन वेळचं ताट मिळतं, अंगावर लुगडं आहे. शांतेची शाळा, एवढंच म्हणायचं होतं. ते आता लिहिताना सुचतंय.
सहीचं विचारलं तर, "बघू."

३१ मे, मंगळ.
सही नाही. हेडमिस्ट्रेसबाईंचा निरोप, शुक्रवारी खोली उघडून ठेवते, पुढं थांबता येणार नाही. गगनबावड्याची मोटरही शुक्रवारचीच.
शांतेला आज सांगितलं. ती म्हणाली, दोन महिन्यांनी धान्य संपलं तर? म्हटलं, एक वेळ जेवू. म्हणाली, मला चालेल.
बारा वर्षांची आहे.

२ जून, गुरु.
शांतेची ट्रंक जाऊबाईंनी भरली. अर्ज अजून कोटातच. कोट घालून मोठे भाऊजी सकाळीच बाहेरगावी गेले, शनिवारी येतील.
ठरलं होतं असं, की पोचवायला म्हणून मी एकटीच शांतेला घेऊन निघायचं आणि स्टँडऐवजी शाळेकडं वळायचं. गंगूबाई डबे दुधाच्या गाडीतून आणणार.
संध्याकाळी जाऊबाई ट्रंकेला कुलूप घालताना म्हणाल्या, "उद्या मीही येते तुमच्याबरोबर."
म्हटलं, कशाला उगीच, ऊन फार असतं.
"येते," म्हणाल्या. कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली आणि चुलीकडं गेल्या. स्टँडपर्यंत येणार की शाळेपर्यंत, विचारायचं धाडस झालं नाही.