हरकतदारांचा तंबूत मुक्काम

तीर्थरूप काकूस,

तुझ्या भटक्या पुतण्याचा लांबून, म्हणजे तुझा हात माझ्या कानापर्यंत पोचणार नाही एवढ्या अंतरावरून, वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं पित्त? (दोघांपैकी जास्त कटकट कोण करतं ते कळव.) मी ठणठणीत. वजन वाढलंय, दाढी वाढलीय, अक्कल वाढल्याची मात्र अजून कुणाची तक्रार नाही.

खरं तर मी पुढच्या गावाला निघालो होतो, पण बस चुकली. थांब्यासमोर एक बाई कुंपणाला रंग देत होत्या. मी म्हटलं, वरून खाली मारा, ओघळ येणार नाहीत. त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. (न विचारता सल्ला द्यायची खोड आपल्या घराण्यात कुणाकडून आली यावर मला एकदा बोलायचंय, पण काका घरात नसताना.) तर या ड्रायव्हरबाई. जन्मभर बस चालवली, अजूनही स्वयंपाकघरातून बाहेर पडताना आधी उजवीकडे बघतात. नवरा गेला, मागे राहिलं एक उतरतं शेत, मधे अक्रोडाचं झाड आणि खाली ओढा. तिथे सहा तंबू लावावेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी राहावं, भाडं द्यावं, एवढंच त्यांच्या मनात. ते जमलं नाही तर शेत विकून शहरात मुलाकडे जायचं. मुलाने खोली तयार ठेवलीय. तिच्यात एका भिंतीला वॉशिंग मशीन, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल आणि मधल्या फटीत आईची घडीची खाट. बाई म्हणाल्या, "मशीन फिरलं की खाट पण चालते रे, फक्त स्टिअरिंग नाही."

पण तंबूंना गावसमितीची परवानगी लागते. सभेला मी मागच्या बाकावर होतो. कुणी म्हणालं, तंबूवाले रात्रभर गाणी म्हणतील. दुसरा म्हणाला, गाणी न म्हणता गप्प बसले तर जास्त संशयास्पद. सगळ्यांत तापले निवृत्त हेडमास्तर, कारण त्यांच्या खिडकीतून हेच शेत दिसतं.

"माझ्या डोळ्यांदेखत परकी माणसं दात घासणार!"

"मग पडदा लावा की, मास्तर," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"पडदा मी का लावू? दात त्यांचे!"

समितीचे अध्यक्ष बेकरीवाले. (दोन्ही बाजूंना पाव विकायचा असल्याने ते प्रत्येक वाक्याला दोन्हीकडे बघून मान हलवतात.) त्यांनी गावाचा जुना नियम काढला. इथे ज्या गोष्टीला विरोध करायचा ती आधी स्वतः करून बघावी लागते. पूर्वी कुणीतरी पाऊल न ठेवताच 'पूल हलतो' म्हणून बोंब मारली होती, तेव्हापासून. असा नियम आपल्या घरी असता तर माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडणाऱ्यांची काय पंचाईत झाली असती! असो. ठरलं असं, की हरकतदारांनी तंबूत राहावं, होईल तो त्रास समितीला सांगावा, मग निकाल.

तंबू उभारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मास्तरांच्या तंबूचं दार मी चुकून काटेरी कुंपणाकडे केलं, त्यामुळे त्यांच्या त्रासाची सुरुवात तरी जोरात झाली. पण सकाळी बघतो तर मास्तर ओढ्यात पाय सोडून, स्वतःच्याच खिडकीसमोर, निवांत दात घासतायत! खिडकीतून त्यांच्या बायकोने हात केला, त्यांनी ब्रश हलवून उत्तर दिलं. गावकरी सांगतात, त्या दोघांत इतकं गोड संभाषण कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"काय मास्तर, त्रास झाला ना?" मी विचारलं.

"पुरेसा नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "अजून बघावं लागेल."

नियमात 'किती दिवस' हे लिहायला सगळे विसरलेत, काकू! आता सगळे तंबू हरकतदारांनी भरलेत. दोरीवर त्यांचे लेंगे वाळतायत. बेकरीवाल्यांनीही काल 'तत्त्वतः' हरकत घेतली, पण त्यांना जागा मिळाली नाही. एक सायकलवालं जोडपं खरोखरच राहायला आलं होतं, त्यांना मास्तरांनी फाटकातूनच परत पाठवलं. म्हणे, "इथे वाद चालू आहे." हरकतदारांना त्रास होईना, त्यामुळे निकाल लागेना. तिकडे मुलगा येत्या रविवारी शेताला गिऱ्हाईक घेऊन येतोय. बाईंना म्हटलं, हाकला सगळ्यांना. तर त्या सगळ्यांचा चहा गाळत म्हणाल्या, "गाडीत बसलेल्या माणसाला मधेच उतरवायचं मला नाही जमत."

तुझाच,
(सध्या पत्ता असलेला) पुतण्या

ता. क. काकू, रविवारच्या आत इकडे ये. पत्ता पाकिटावर आहे. चिकटलेला पाहुणा उठवायचं जे कसब तुझ्यात आहे ते मी कुठेच पाहिलं नाही. आवाज चढवत नाहीस, नुसतं "मग, निघायचं किती वाजता ठरलंय?" म्हणतेस आणि त्याची पिशवी दारात नेऊन ठेवतेस. एवढं केलंस तर बाईंचं शेत वाचेल.

आणखी एक ता. क. पाच तंबूंत ते आहेत. ओढ्याकडच्या सहाव्यात मी आहे. हरकत घेतल्याशिवाय राहू देत नव्हते, म्हणून मीही एक छोटीशी नोंदवलीय. तू मास्तरांपासून सुरुवात कर.