आगीसाठी

१५ एप्रिल १९८५, सोमवार
कंपनीत अग्निसुरक्षा सप्ताह सुरू. साहेब म्हणाले, आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा, उष्णता. एक काढून घ्या, आग मेली. नववीपर्यंत हे कुणीच सांगितलं नव्हतं. निश्चय: यापुढे घाबरायचं नाही.
घाबरतो, कारण दादा-वहिनींच्या एका खोलीत मी स्टोव्हला पाय लावून झोपतो. रात्रभर रॉकेलचा वास. लग्न ठरलं तर दादा कांजूरमार्गला वेगळी खोली बघून देणार आहे.

१७ एप्रिल
बादली लाल रंगवली. वाळू भरली. ‘आग विझविण्यासाठी’ लिहायचं होतं, पण मावेना. ‘आगीसाठी’ एवढंच लिहिलं. ‘गी’ दीर्घ. घोंगडी खुंटीला.
संध्याकाळी बघतो तर वहिनींनी वाळूत आलं पुरलेलं. काढायला लावलं.

२१ एप्रिल, रविवार
मुलुंडची मंडळी आली. मुलगी वनमाला, वडील दशरथराव. दादा म्हणाला, विचार काहीतरी. स्वयंपाक येतो का, हे सगळेच विचारतात. मी विचारलं, नायलॉन नेसता की सुती? नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. मग पंप जास्त मारला की भडका कसा उडतो ते सांगितलं. पदर कुठून पेट घेतो ते वहिनींच्या पदरावर दाखवलं. वनमाला एकटक ऐकत होती. दशरथराव बादलीवरचं वाचत होते. मी म्हणालो, “लग्नाआधीच सगळी तयारी करून ठेवली आहे.”
दशरथराव लगेच उठले. छाप पडली. चहा तसाच राहिला.

२४ एप्रिल
निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.
दादा भडकला. “येड्या, रोज पेपरात येतं, स्टोव्हचा भडका, सून गेली. तू त्यांना सगळी रीतच सांगितलीस.”
मी म्हणालो, मी विझवायचं सांगणार होतो.
“तिथपर्यंत पोचलास कुठे?”
मुद्दा बरोबर आहे. पुढच्या स्थळाला विझवणं आधी.

२८ एप्रिल, रविवार
पुढचं स्थळ घाटकोपरचं होतं. आलं नाही. खोलीचं दादा काढत नाही. नळावर मात्र बायका मला बघून बाजूला होतात. मान वाढला आहे.
वहिनी आता सुती नेसतात. पटलं म्हणायचं. पण स्टोव्ह पेटवताना दार सताड उघडं ठेवतात, आणि शेजारच्या रुक्मिणीकाकूंना उंबऱ्यात बसवतात. दारातून हवा येते, हवेने आग वाढते, हे समजवायला उठलो.
“भावोजी, तुम्ही तिथेच बसा.”
बसलो. वाळूत पुन्हा आलं पुरलंय.