निवडलेली वानगी

शारजा,
१८ मे २०२५

ती. सरिताताईस,
संघदीपचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोन असताना हा कागद कशाला, असं म्हणशील. आई उपचारासाठी तुझ्याकडे आल्यापासून फोन वाजला की तीच आधी उचलते, आणि तुमच्या दीड खोलीत तिच्या नकळत बोलणार कुठे? आमच्या गोदामातला एक जण सुट्टीवर अकोल्याला निघाला आहे. तो हे पत्र तिथून टाकेल.

बातमी चांगली नाही. आपल्या किन्हीराजाच्या चियाचा कंटेनर आमच्या शेठनी नाकारला. आपण पाठवलेली वानगी काचेसारखी स्वच्छ होती आणि पोत्यांत माती, काड्या, फोलपटं निघाली. मातीचं त्यांना काही नव्हतं. ती काढायला इथे यंत्र आहे, तेवढा भाव कमी केला की झालं. पण वानगी एक आणि माल दुसरा, हे चालत नाही. शेठ कधी किन्हीराजाला येणार नाहीत आणि बाबा कधी शारजाला येणार नाहीत. दोघांच्या मध्ये आहे ती फक्त ती मूठभर पुरचुंडी.

हे सगळं कसं जुळलं ते तुला माहीत आहे. इथे चिया यायचा तो दक्षिण अमेरिकेतून, युरोपची बंदरं घेत. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि मालाला उशीर व्हायला लागला. शेठ एकदा वैतागून म्हणाले, हे बी जवळपास कुठेच पिकत नाही का? मी तेव्हा हमालांची हजेरी घ्यायचो. चहा ठेवता ठेवता बोलून गेलो, की आमच्या वाशीमकडे पिकतं, रोही, म्हणजे नीलगायी, तोंड लावत नाहीत म्हणून लोक पेरतात. एवढ्या बोलण्यावर दोन गावं जोडली गेली. कारंज्याच्या रज्जाकचाचांनी माल जमवला, मला खरेदीच्या टेबलावर खुर्ची मिळाली. पहिल्या साली थोडी पोती आली, यंदा पूर्ण कंटेनर.

चाचा अदलाबदल करतील हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पण शेठ मला रोज विचारतात, वानगी आणि माल वेगळे कसे. जरा चौकशी कर. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. भाऊजींना सांग, त्यांच्या एसटीपेक्षा आमची जहाजं जास्त उशिरा येतात.

माया होती तशीच राहू दे.
तुझा,
संघदीप

कारंजा लाड,
४ जून २०२५

चि. संघदीप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, शाईत पाय बुडवून मुंगी चालावी तसं. खुर्ची मिळाली तरी सुधारलं नाही.

तुझ्या पत्राआधीच बातमी गावात पोचली होती. कोणीतरी बोललं की रज्जाकनं पोती बदलली, आणि आता सगळेच तसं बोलतात. बाबांनी तर त्याचं तोंड पाहणार नाही म्हणून सांगून टाकलं. दर शुक्रवारी बाजारात आले की चाचांच्या दुकानात चहा घेतल्याशिवाय बाबा परतीच्या गाडीत बसायचे नाहीत. मागच्या शुक्रवारी ते रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेले.

चाचांची रीत तुला ठाऊक आहे. ते प्रत्येक पोत्याच्या तळात पोकळ सळई खुपसून दाणे काढतात, एकत्र करतात आणि दोन पुरचुंड्या बांधतात. एक त्यांच्याकडे राहते, दुसरी तुझ्याकडे येते. कुरिअरचं दुकान आमच्या गल्लीत, म्हणून या वेळी दुसरी त्यांनी आमच्याकडे ठेवली होती. मी दिवसभर अंगणवाडीवर होते.

परवा चाचांनी आपली पुरचुंडी उघडून पाहिली. तिच्यात माती होती, मालात होती तेवढीच. ती खिशात घालून ते मला विचारायला आले. दार आईनं उघडलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच कौतुकानं सांगायला लागली, की भाऊ, त्या पुरचुंडीत लय माती होती, म्या सारी निवडून देली, पोराच्या हातात जाऊन राह्यलं, त्याले मातीचं कसं धाडू?

तेवढ्या बारीक दाण्यांतून माती कशी काढली असेल, तूच विचार कर. खिडकीत पितळी ताट घेऊन, सुईच्या टोकानं. हळूहळू जिना चढतानाही तिला धाप लागते. मला वाटलं होतं, बसल्या बसल्या माझे तांदूळ निवडते आहे.

चाचा खाली बसले, चहा प्यायले आणि तिला म्हणाले, चांगलं केलं गंगूबाई. बाहेर गल्लीत मात्र मला त्यांनी बजावलं की हे तिला कळता कामा नये. मी म्हटलं, चाचा, तुमच्याकडची पुरचुंडी गावाला दाखवा, तुमच्यावरचा बोल तरी जाईल. ते म्हणाले, मग गाव विचारेल, दुसरी कोणी साफ केली. पुरचुंडी त्यांनी डब्यात टाकून ठेवली आहे.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे, जिवाला लागेल असं काही सांगू नका. मी काय करू, ते तू सांग. तू लहान आहेस, पण जग तू पाहिलं आहेस.

जेवत जा वेळेवर. आमचा जीव तुझ्यातच आहे.
तुझी,
ताई

शारजा,
२९ जून २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र गोदामाच्या मागे उभा राहून वाचलं. हसू आधी आलं. आई शाळेच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीसुद्धा तीन वेळा चाळायची.

शेठना मी एवढंच सांगितलं की लबाडी कोणाची नाही. ते म्हणाले, असेल. शेठ माणूस वाईट नाहीत. नाकारलेला कंटेनर पक्ष्यांचं खाद्य करणाऱ्या एकाला विकून दिला, त्यामुळे गावात कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण पुढच्या सालासाठी त्यांनी पुन्हा जुन्या देशाशी बोलणं केलं आहे. जहाजांना आता लांबच्या वाटेची सवय झाली, भाडंही उतरलं. तिकडचा माल शेतातून निघाल्यापासून यंत्रातच असतो, माणसाचा हात लागत नाही, हे शेठ मोठ्या कौतुकानं सांगतात.

ताई, इथे बसून मी पाहिलं, देशादेशांतल्या या वाटा रागानं कोणी तोडत नाही. आपल्या वावराकडे जाणाऱ्या पांदणीसारखं आहे. पलीकडून सडक झाली की लोक तिकडून जायला लागतात आणि पांदणीवर गवत वाढतं, एवढंच. मी पुन्हा हमालांच्या हजेरीवर आहे. त्याचं मला फार नाही.

चाचांचं मात्र सलतं. कधीतरी बाबांना खरं सांगावं लागेल. आई असेपर्यंत नको. हे वाक्य लिहून झालं आणि मी ते बराच वेळ पाहत बसलो. तरी तसंच ठेवतो.

चाचांना माझा सलाम. मनात अंतर पडू देऊ नका.
तुझा,
संघदीप

किन्हीराजा,
३१ ऑगस्ट २०२५

चि. संघदीप यास,
ताईचे आशीर्वाद आणि जय भीम.

हे पत्र गावाहून लिहिते आहे. वर्षावास सुरू झाला तसा आईनं घरी जायचा हट्ट धरला. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, ते तिला चुकवायचं नव्हतं. मी रजा घेऊन सोबत आले.

आपण जे झाकलं ते राहिलं नाही. वाचन संपल्यावर बायका बोलत बसल्या होत्या. ललिताबाईनं चाचांचा विषय काढला, की परक्यावर भरवसा ठेवला आणि साऱ्या गावाचं नाव गेलं. वानगी साफ आणि माल मातीचा, हे आईनं तिथे पहिल्यांदा ऐकलं. मी तिला उठवायला गेले, तोवर ती आपणच उभी राहिली. भिंतीला हात टेकून साऱ्यांना म्हणाली, ते वानगी म्या निवडली, रज्जाकभाऊनं नाही, त्याले काहून बोलता?

ललिताबाईच तिला धरून घरापर्यंत आली आणि पाणी देऊन गेली.

बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कारंज्याला गेले. चाचांचं दुकान उघडायचं होतं, तर पायरीवर बसून राहिले. चाचा आले, शटर वर केलं, दोन चहा सांगितले. काय बोलले ते बाबा सांगत नाहीत. येताना डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणे, गाडीत धूळ होती.

पण आईचं काय सांगू? तिनं मला जवळ बसवून विचारलं, सरे, माह्याच हातानं पोराचं काम गेलं काय? मी नाही म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग कूस बदलली. आता ताट घेऊन तांदूळ निवडायला बसते आणि मध्येच हात आवरते. ताट तसंच पडून राहतं.

काल तिनं बाबांना आपल्या घरच्या उरलेल्या चियाच्या पोत्यातून मूठभर काढायला लावलं, तळातून. ते फडक्यात स्वतः बांधलं. मी म्हटलं, आता हे कशाला? म्हणाली, जसं हाय तसं धाड त्याले. या पत्रासोबत ते पाठवते आहे.

तिचे पाय सुजले आहेत. रजा मिळत असेल तर निघ. फोनवर ती माझ्याकडे पाहत असते, म्हणून इथे लिहिते.

वाटेकडे डोळे लावून,
ताई

शारजा,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या भाकरी विमानात खाल्ल्या.

तुझा फोन आला तसा निघालो होतो, म्हणून तुझं ऑगस्टचं पत्र आणि पुरचुंडी मला इथे परत आल्यावर मिळाली. मी तिकडे आईला खांदा देत होतो, तेव्हा पुरचुंडी इथे माझ्या खाटेवर येऊन पडली होती. आईच्या पुण्यानुमोदनाला चाचा बाबांच्या शेजारी बसलेले पाहिले, तेव्हा तुला विचारायचं होतं की हे कसं झालं. धीर झाला नाही. आता पत्रातून कळलं. आई गेली ती कोणाचं काही डोक्यावर न ठेवता गेली.

गाठ तिचीच होती, दोनदा मारलेली. दात लावून सोडावी लागली. आत चिया आणि आपल्या वावराची काळी माती, एक वाळलेली काडी, पानाचा तुकडा. तिनं कशालाही हात लावला नव्हता. तिला ते किती जड गेलं असेल, ते आपल्या दोघांनाच कळेल.

हजेरीचा कागद द्यायला मी रोज खरेदीच्या खोलीत जातो, तिथे भिंतीला फळी आहे. तिच्यावर वानगीचे डबे ओळीनं असतात, प्रत्येकावर देशाचं नाव. एक रिकामा डबा घेऊन आईची पुरचुंडी त्यात ओतली आणि कडेला ठेवली. नाव काही लिहिलं नाही.

आज मी तिथे असताना शेठ आले. त्यांनी सगळे डबे पाहिले आणि तो बिननावाचा उघडला. चिमूट तळव्यावर चोळली, मातीचा रंग पाहिला, काडी बोटानं बाजूला केली. म्हणाले, वानगी खरी आहे, असा माल किती मिळेल?

मी सांगितलं, एवढाच आहे.

बाबांना जप. चाचांकडचा शुक्रवारचा चहा चुकवू देऊ नकोस. आता घरात तूच मोठी, तेव्हा माझ्यावर रागवत जा.

तुझाच,
संघदीप